ज्याचे जळते त्यालाच कळावे काय?

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च रोजी, औरंगपुरा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांस दवाखान्याविषयी बोलावयाचे आहे. सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी शाळेविषयी बोलण्याचा रिवाज आहे, आणि तो बरोबरच आहे. परंतु बाई वारल्या त्या शाळेत नव्हे, प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना वारल्या. ही गोष्ट आपण दरसाल एका वाक्यात उरकतो आणि हार घालून घरी जातो. ते एक वाक्य आज जरा सावकाश बोलू या.

आपल्या खेड्यांत एक म्हण आहे : ज्याचे जळते त्याला कळते. बोलणारा ती मोठ्या शहाणपणाने बोलतो. पण ती बोलली कोठे जाते ते पाहा. शेजारची बाई रात्रभर कण्हत होती, सकाळी कोणी विषय काढला तर उत्तर येते, "ज्याचे जळते त्याला कळते बाबा, आपण काय करणार?" सालगड्याला तीन दिवस ताप आहे, धनी म्हणतो, "त्याचे त्याला ठाऊक." म्हणजे ही म्हण खरे तर दुःखिताने कळवळून बोलावयाची, आणि ती वापरतो न जळणारा, घरात स्वस्थ बसून राहण्याची सोय म्हणून! आम्हांस ही म्हण मान्य नाही. ती जर खरी असती तर १८९७ साली सावित्रीबाईंना मुंढव्यास जाण्याचे काय कारण होते?

त्या वेळची स्थिती ध्यानात घ्या. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरात वारले होते. बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंबईत १८९६ साली गाठीचा रोग उठला आणि रेल्वेच्या वाटेने पुण्यास आला. काखेत, जांघेत गाठ यावी, ताप चढावा, आणि चार-सहा दिवसांत माणूस जावा. या रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगात सापडला होता, पण तो उंदराच्या पिसवेवाटे माणसात येतो हे १८९८ पर्यंत कोणास कळलेले नव्हते. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत स्वतःलाच टोचून घेतली. पण ती खेड्यापाड्यांपर्यंत कोठून येणार? आणि रोग झाल्यावर बरे करील असे औषध तर पुढे कित्येक वर्षे आले नाही. ज्यांना ऐपत होती ते पुणे सोडून गेले. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर, ते कोठे जाणार?

बाईंचा दत्तक मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता. त्याला रजा काढून बोलावले आणि हडपसरच्या बाजूस, ससाण्यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत दवाखाना घातला. हा यशवंत कोण? १८६३ साली फुले दांपत्याने विधवांसाठी जे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे हे मूल. ज्याला जगाने नाकारले असते, त्याला या कुणब्या-माळ्याच्या घराने पोटाशी धरले, डॉक्टर केले. आणि आता तो महारवाड्यातल्या रोग्यांच्या गाठी धूत होता. जातीची गणिते मांडणाऱ्यांनी हे गणित कधी सोडवून पाहावे.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला गाठ आली असे कळले. बाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मूल वाचले असे सांगतात. बाईंना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आता एक प्रश्न विचारू. त्या दवाखान्यात रोग्यास मिळत होते ते काय? रोगावर रामबाण म्हणावे असे औषध नव्हते हे आम्ही वर सांगितलेच. मिळत होते ते पाणी, पेज, धुतलेले अंथरूण, कपाळावर हात, आणि जवळ कोणी आहे ही खात्री. औषध नसताना माणूस माणसाला जेवढे देऊ शकतो तेवढे सगळे तेथे होते. आज दवाखान्यात औषध आहे, यंत्रे आहेत, सलाइन आहे. पण रोग्याला पाठीवर घेणारे कोण आहे?

त्याच दिवसांत पुण्यात दुसराही एक बंदोबस्त चालू होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोग्याला वेगळे ठेवणे, घर धुऊन काढणे, यांत वैद्यकाच्या दृष्टीने चूक नव्हती. तेच यशवंतही गावाबाहेर करीत होता. पण शिपाई देवघरात, माजघरात शिरत, बायाबापड्यांना चव्हाट्यावर तपासत, सामानसुमान जाळत. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपविले. माणूस मेला तरी गुपचूप नेला. जो उपाय जीव वाचविण्यास काढला त्याच्या भयाने रोग घरात कोंडला गेला. शेवटी २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वांस पाठ आहे. स्वयंपाकघरे बाटली म्हणून त्या वेळी जितका आक्रोश झाला, तितका महारवाडे ओस पडले म्हणून झाल्याचे आमच्या वाचनात नाही. पण तो भाग राहू द्या. आमचा मुद्दा इतकाच की दोन्हीकडे रोग एक, साल एक, रोग्याला घरातून काढून वेगळे ठेवण्याची युक्तीही एकच. एकीकडे लोक रोगी लपवीत होते, दुसरीकडे रोग्याला घेऊन येत होते. हा फरक औषधाचा नव्हता.

तोच १८९७ चा कायदा आपल्यावर २०२० साली पुन्हा लागू झाला, हे किती जणांस ठाऊक आहे? करोनाच्या दिवसांत आपल्याच गावांनी वेशीवर काट्या आडव्या टाकल्या आणि मुंबई-पुण्याहून पायी आलेल्या आपल्याच पोरांना शाळेच्या पडवीत ठेवले. वेगळे ठेवले यात चूक नाही. पण कोणत्या गावाने त्या पोरांना वेळेवर भाकरी नेऊन दिली आणि कोणत्या गावाने लांबून शिव्या दिल्या, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. आम्ही नावे घेत नाही.

या औरंगपुऱ्यात नाथांचे मंदिर आहे आणि फुल्यांचे पुतळेही आहेत. आमच्यापैकी कित्येकजण एका ठिकाणी हात जोडतात आणि दुसऱ्या ठिकाणी तोंड फिरवतात; इकडचे तिकडे जात नाहीत, तिकडचे इकडे येत नाहीत. पण पैठणच्या एकनाथांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलेली आहे. गोदेच्या वाळवंटात भर उन्हात महाराचे मूल तापलेल्या वाळूवर रडत होते, आणि स्नान करून येणाऱ्या नाथांनी ते कडेवर घेऊन त्याच्या आईच्या हवाली केले. चमत्कारांचा भाग ज्याला मानावयाचा त्याने मानावा. या गोष्टीत चमत्कार मुळीच नाही. वाळू पोळते हे कळावयास नाथांना स्वतः तीवर निजावे लागले नाही. रडणे ऐकले, आणि हात पुढे झाला. तीनशे वर्षांनी मुंढव्यास दुसरा हात पुढे झाला. ज्यांना या दोन गोष्टींत भांडण दिसते त्यांनी ते खुशाल भांडावे. पैठणच्या त्या मुलास आणि मुंढव्याच्या पांडुरंगास त्याचे काही नव्हते.

आता आपल्या काळातले बोलू. आपला शेतकरी, आपला लोहार-सुतार, आपली मजूर बाई दवाखान्यात उशिरा जाते. गाठ बोराएवढी असताना जात नाही, लिंबाएवढी झाल्यावर जाते. शिकलेले लोक म्हणतात, अडाणी आहेत. आम्ही म्हणतो, थांबा. ज्याला बैलाच्या खुरातली जखम चालीवरून ओळखता येते, तो आपल्या अंगावरची गाठ ओळखीत नाही काय? तो ओळखतो, पण जात नाही. कारण तेथे त्याच्याशी कसे बोलतात ते त्याला ठाऊक असते. "आतापर्यंत झोपला होतास काय?" "नीट सांगता येत नाही का?" "कागद कुठे आहे? बाजूला हो." आम्ही स्वतः आमच्या माणसांना घेऊन अशा दारांशी उभे राहिलो आहोत. वयाने बापाएवढ्या माणसाला अरेतुरे ऐकावे लागते आणि तो हात जोडून "होय साहेब" म्हणतो, हे पाहणे रोगापेक्षा कठीण जाते. एकदा असा अपमान घेऊन घरी आलेला माणूस पुढच्या वेळी दवाखान्यात जात नाही, देवऋष्याकडे जातो. देवऋषी लुबाडतो हे खरे. पण तो आधी घोंगडीवर बसावयास सांगतो, पाणी देतो, आणि काय होते ते शेवटपर्यंत ऐकून घेतो. आमच्या समाजातल्या शिकलेल्या मंडळींनी देवऋष्यावर टीका जरूर करावी. पण त्याचे जे गिऱ्हाईक आहे ते याच एका मालासाठी त्याच्याकडे जाते, हे समजून करावी.

गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केले. त्यांनी तेथल्या गोंड लोकांना एक साधी गोष्ट विचारली, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात आम्ही मेलेले माणूस गुंडाळतो. रोग्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. मग त्यांच्याच मनाप्रमाणे झोपड्यांसारखा दवाखाना बांधला, जवळ नातलगांना राहण्यास जागा केली, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. यात वैद्यकशास्त्र कोठे कमी झाले? शस्त्रक्रिया तीच, औषध तेच. फक्त आधी विचारले.

याच बाईंनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष विलायतेच्या मोठ्या वैद्यकीय पत्रात छापून आले. शंभरांपैकी ९२ बायांना अंगाखालचे काही ना काही दुखणे होते. आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झाली होती अशा बाया शंभरांत आठ. बंधूंनो, येथे सरकारकडे बोट दाखविता येणार नाही. त्या बाया कोणाच्या घरात राहत होत्या? कोणाच्या भाकरी थापीत होत्या? वर्षानुवर्षे कंबर धरून उठणारी बायको नवऱ्याला दिसली नाही, सून सासूला दिसली नाही. आपल्या घरात गाय खात नाही असे झाले की संध्याकाळपर्यंत चार माणसे गोठ्यात जमतात. बाई जेवली नाही तर कोणास कळतही नाही, कारण ती सर्वांच्या मागून जेवते! डॉक्टराने गोड बोलावे असे आपण म्हणतो. आपण घरात कसे बोलतो?

याचा शेवट कोठे होतो तेही ऐका. येथून काही तासांवर बीड जिल्हा. दिवाळी झाली की कोयत्याची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे. उसाच्या फडात संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळी आली तरी सुट्टी नाही. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचा दंड. अशा बाईला अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. ती डॉक्टरकडे जाते. होय, ती जाते! अडाणी म्हणून घरी बसत नाही. आणि काही खासगी दवाखान्यांत तिला काय सांगितले गेले? पिशवी खराब आहे, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांत एक. यांतल्या कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या, पोरवयात लग्न होऊन लवकर लेकुरवाळ्या झालेल्या. पिशवी काढल्यावर कंबर, सांधे, हाडे दुखू लागली म्हणून पुन्हा औषधाला कर्ज, आणि कर्जासाठी पुन्हा उचल.

आम्ही या गोष्टीचा फार विचार केला आहे. डॉक्टर लोभी होते असे म्हणून सुटता येते, काही होतेही. पण या एका बाईभोवती किती माणसे उभी होती ते मोजा. मुकादम, ज्याला खाडा नको होता. कारखाना, जो म्हणतो मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. नवरा, ज्याला अर्धा कोयता बसून चालणार नव्हता. सासू, जी म्हणाली एकदाची कटकट जाईल. आणि ती बाई स्वतःही, जिला वाटले की दर महिन्याचा दंड तरी वाचेल. या सर्वांत एकाने जरी विचारले असते की बाई, तुला नेमके काय होते, किती दिवसांपासून होते, साध्या गोळ्यांनी बरे होईल काय, तर कित्येकींच्या अंगाला सुरी लागली नसती. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खासगी दवाखान्याने ही शस्त्रक्रिया करू नये असा नियम तेथे आला. चांगले झाले. पण त्या नियमाने फडात संडास येत नाही आणि खाडाही माफ होत नाही.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. येथल्या घाटीच्या दवाखान्यात केवळ या शहराचे नव्हे, जालना, बीड, परभणी, बुलढाण्यापासूनचे रोगी येतात. शिकाऊ डॉक्टर पोरे दिवस आणि रात्र एक करून उभी असतात. परिचारिका एका खाटेवरून दुसरीकडे धावते, तोवर तिसरीकडून हाक येते. अशा माणसाच्या तोंडी गोड शब्द कोठून उरावा? आणि रोगी दगावला की आपल्यातलेच चार तरणे गडी बाह्या सरसावून त्याच्यावर धावून जातात. हे थांबविण्यासाठी महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. ज्याने रात्रभर जागून तुमच्या बापाच्या छातीवर हात दाबून श्वास आणण्याचा यत्न केला, त्याला बाप गेल्याचे दुःख नसते असे समजू नका. दुसऱ्याचे दुःख समजणे हे फक्त वरच्याने खालच्याचे समजण्याचे काम असते, हे आमच्या मनातून गेले पाहिजे.

आमच्यात हे अंग मुळातच नाही असेही नव्हे. गावची सुईण आठवा. मध्यरात्री हाक आली की चिखल तुडवीत यावयाची, रात्रभर बाळंतिणीची कंबर दाबीत बसावयाची, शेवटी नाळ कापून मूल हातात द्यावयाची. पुष्कळ गावांत ती महाराची, मांगाची असे. त्या हातांनी मूल जगात आणलेले चाले, पण बाराव्या दिवशी त्याच हाताचे पाणी चालत नसे! जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या अशाच गरीब बायांना, त्यांत दलित बायाही आल्या, शिकवून आरोग्याचे काम हाती दिले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया बाळंतपण, जुलाब, खोकला सांभाळू लागल्या, आणि जी घरे त्यांना अंगणात उभी करीत नव्हती ती त्यांना माजघरात बोलावू लागली. त्यांच्या हाती मोठी औषधे नव्हती. त्या गावातल्याच होत्या, कोणाच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही हे त्यांना ठाऊक होते.

आता काय करावयाचे ते सांगून आम्ही बसतो. खेड्यातून आलेला रोगी दवाखान्यात पहिल्यांदा कशाने घाबरतो? रोगाने नव्हे. केसपेपर कोठे निघतो, कोणत्या खिडकीशी उभे राहावयाचे, रक्त कोठे द्यावयाचे, चिठ्ठीवर काय लिहिले आहे, यांनी. त्याच्याबरोबर आलेली म्हातारी तितकीच घाबरलेली असते. औरंगपुऱ्यात आणि आसपास कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक अशाच खेड्यांतून आलेली. आठवड्यातून दोन तास द्यावेत. सकाळी दवाखान्याच्या दाराशी उभे राहावे, कागद काढून द्यावा, बरोबर चालावे, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या भाषेत दोनदा समजावून सांगावे, गोळ्या कधी घ्यावयाच्या ते खुणेने पुडीवर लिहावे. डॉक्टरांशी भांडू नये, त्यांचेही काम त्याने हलके होते. बाई रोगी असेल तर मुलीने जावे, कारण पुरुषासमोर ती अर्धे सांगत नाही. आणि गावाकडच्या मंडळींनी इतके करावे की दवाखान्यात बाईला एकटी पाठवू नये, आणि बरोबर जाणाऱ्याने तिचे दुखणे तिलाच सांगू द्यावे.

यासाठी एक वही येथे ठेवली आहे. नाव, कॉलेज किंवा धंदा, आणि कोणत्या वारी सकाळी येता येईल ते लिहावे. सोमवारी गर्दी सर्वांत जास्त असते, त्यामुळे सोमवारची पाने आधी भरावीत.